घावन तव्याला चिकटतात, जाळीही पडत नाही. काय चुकतंय?

पडवीतला (ठाणे)

नमस्कार मंडळी. प्रश्न घावनांचा आहे. थोडा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक सापडायची नाही.

आमच्या घरी रविवारचा नाश्ता माझ्याकडे असतो. बायको नर्स आहे. महिन्यातले दोन-तीन शनिवार तिला रात्रपाळी असते आणि रविवारी सकाळी पावणेनऊच्या सुमाराला ती घरी पोचते. तोवर मुलांचं खाणं व्हावं आणि तिलाही आल्या आल्या काहीतरी गरम मिळावं, एवढीच धडपड. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाचचा. जूनमध्ये थोरली मैत्रिणीकडे पॅनकेक खाऊन आली आणि तेच कर म्हणून मागे लागली. केले. मैदा, दूध, अंडं, बेकिंग पावडर, वरून मध. झाले बरे, मुलांनी खाल्लेही, पण दहा वाजता दोघंही परत डबे उघडून बघायला लागली. पुढच्या रविवारी थोरलीच म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा आजीचे जाळीवाले कर ना."

आजीचे जाळीवाले म्हणजे घावन. माझं गाव आचऱ्याजवळ, आई तिथंच असते. मे महिन्यात गेलो होतो तेव्हा मुलांनी रोज सकाळी तेच खाल्लं. आईकडे घावनांचे दोन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तवे आहेत. त्यातला एक मी मागून घेतला आणि तुतारी एक्स्प्रेसने ठाण्याला घेऊन आलो.

आता गेले चार रविवार काय होतंय ते सांगतो. दोन वाट्या तांदळाचं पीठ, तीन वाट्या पाणी, मीठ. पीठ पाकिटातलं, अगदी बारीक, मोदकाचं म्हणून मिळतं ते. तवा तापवतो, तेल घालतो, पीठ ओततो, झाकण ठेवतो. पहिला घावन मधोमध तव्याला धरून बसतो. उलथनं घातलं की कडा हातात येतात आणि मधलं तिथंच राहतं. खरवडून काढावं लागतं. तिसरा-चौथा सुटतो, पण जाळीचा पत्ता नसतो. वरून गुळगुळीत, जाड, आणि चावताना रबरासारखा. बायको येईपर्यंत त्याचा पार पुठ्ठा होतो.

आईला फोन केला की ती म्हणते, "पीठ ताकासारख्या होया, तवो कडकडीत तापाक होयो, आवाज इलो काय समज झाला." तिचं काही चुकत नाही, तिने आयुष्यात कधी मापानं घावन केलेले नाहीत. पण मला माप पाहिजे. पाणी किती? आच मोठी की मंद? तेल किती? आणि बिडाच्या तव्याचं काही वेगळं तंत्र असतं का? आता डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई चुलीसमोर फार वेळ बसत नाही. मुलांना ही चव आमच्याच घरात मिळाली पाहिजे असं मनापासून वाटतं.

सुरंगी (चिपळूण)

पडवीतला दादा, पाणी फारच कमी घेताय. एका वाटीला दोन वाट्या पाणी घ्या, पीठ जुनं असेल तर आणखी पाव वाटी लागतं. पळी पिठात बुडवून वर काढा. पीठ पळीच्या पाठीला जेमतेम लागायला हवं, साय धरल्यासारखं दिसलं तर घट्ट आहे.

दुसरं, घावन डोशासारखे पळीने पसरायचे नाहीत. वाटीत पीठ घ्या आणि तव्याच्या कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत या, वाटी जरा उंच धरून. मध्ये मोकळी जागा राहिली तर तिथं थोडं शिंपडा, पण एकदा पडलेल्या पिठाला हात लावू नका. प्रत्येक घावनाआधी पातेल्यात तळापर्यंत ढवळायचं. तांदळाचं पीठ खाली बसतं, वरचं नुसतं पाणी तव्यावर जातं आणि शेवटचे दोन घावन लापशीसारखे जाड होतात.

झाकण एक मिनिट. कडा सुटून वर यायला लागल्या की काढा. आमच्याकडे उलटत नाहीत, काही घरांत अर्धं मिनिट उलटतात. जाळी दिसायला हवी असेल तर न उलटलेला बरा.

रात्रीचा_डबा (पुणे)

सरळ नॉनस्टिक घ्या. मी एकटा राहतो, मला बिडाचा तवा सांभाळायला वेळ नाही. नॉनस्टिकवर घावन पहिल्यापासून सुटतात, जाळीही बऱ्यापैकी पडते. फक्त रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून विसरू नका, २६० अंशांच्या वर ते कोटिंग खराब व्हायला लागतं. मध्यम आचेवर दोन-अडीच मिनिटं तापवला की पुरे.

वैलावरची (सावंतवाडी)

पडवीतल्या, तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नको.

सुरंगीने पाण्याचं सांगितलं ते बरोबर आहे. पण तुझं दुखणं नुसत्या पाण्याचं नाही. मला दोन गोष्टी आधी सांग. एक, पाकिटावर मोदकाचं पीठ असंच लिहिलंय का? दोन, तो तवा गावाहून आणल्यावर तू त्याचं काय केलंस? घासलास का? त्यावर रोजच्या पोळ्या करता का?

पडवीतला (ठाणे)

काकू, अवश्य अरे-तुरे करा.

हो, मोदकाचं पीठ असंच लिहिलंय. बारीक असतं म्हणून घावनांना चांगलं असेल असं वाटलं.

तवा आणला तेव्हा बाहेरून चुलीची काजळी होती आणि आतही काळा थर होता. मला वाटलं जुनं जळकं तेल आहे, मुलांच्या पोटात जाईल. तारेच्या घासणीने आणि भांडी घासायच्या पावडरीने तासभर घासला. आतून राखाडी, स्वच्छ बीड दिसायला लागलं. पावसाळ्यात दोनदा तांबूस गंज धरला म्हणून परत घासला. आणि हो, पोळ्याही त्यावरच होतात, तवा मोठा आहे म्हणून.

वैलावरची (सावंतवाडी)

मग सापडलं.

तू जो काळा थर काढलास ना, तोच खरा तवा होता. बीड नुसतं आधाराला. तुझ्या आईने, कदाचित तिच्या सासूने, वर्षानुवर्षं त्या तव्यावर तेलाचा हात फिरवला असेल. बिडावर तेल पातळ लागून तापलं की ते तेल राहत नाही, त्याचा कडक, गुळगुळीत थर बसतो. थरावर थर चढतात आणि तवा आरशासारखा काळा होतो. त्याच्यावरून घावन आपसूक सरकतो. तो थर गेला की उघड्या बिडाला ओलं पीठ धरून बसतं, आणि उघड्या बिडाला पावसात गंजही धरतो. पण मनाला लावून घेऊ नको. गेलेला थर परत येतो, आठवडाभर रोज संध्याकाळी अर्धा तास काढावा लागेल.

असं कर. गंज असेल तर शेवटचा एकदा घास, धू, आणि लगेच गॅसवर ठेवून कोरडा कर. कापडाने पुसून सोडू नको, बिडाच्या अंगातलं पाणी तापल्याशिवाय जात नाही. तवा कोमट झाला की शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलाचे पाच-सहा थेंब घालून जुन्या सुती कापडाने सगळीकडे चोळ, कडांना आणि पाठीलाही. मग दुसऱ्या कोरड्या कापडाने ते तेल पुसून काढ, जणू चुकून लागलंय असं. इथंच लोक चुकतात. तेल जास्त राहिलं तर थर कडक होत नाही, चिकट डिंकासारखा राहतो आणि घावन आणखीच धरतो. आता मध्यम आचेवर ठेव, धूर यायला लागला की आणखी पाच-सात मिनिटं, खिडकी उघडून. गॅस बंद कर, तव्याला आपला आपण निवू दे. तापलेल्या बिडावर कधी गार पाणी ओतू नको, तडकतं. माझ्या नणंदेचा एक असाच फुटलाय.

हे रोज एकदा, पाच-सहा दिवस. रंग आधी तपकिरी होईल, मग चॉकलेटी, मग काळा. शेवटच्या दिवशी एक मोठा कांदा चिरून तेल-मीठ घालून तव्यावर काळा होईस्तोवर परतून घे आणि तो टाकून दे, खायचा नाही. त्यानंतरचे पहिले चार घावनही चिकटतील, ते होऊ देत. पाचव्यापासून तवा तुझं ऐकेल.

नवा तवा असता तर मी आधी तीन-चार दिवस तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवायला सांगितला असता, रोज धुवण बदलून. तुझा जुना आहे, त्याला नको.

आणि पोळ्या बंद. पोळीचं कोरडं पीठ तव्यावर जळतं, त्याची राख थराला ओरबाडते. आमच्याकडे घावनांचा तवा वेगळा, भाकरीचा वेगळा, मासळी तळायचा वेगळा. तीन खुंट्यांना तीन तवे. कोणी पाहुणीने चुकून घावनांचा तवा भाकरीला घेतला तर माझी सासू तिच्या हातातून काढून घ्यायची. तेव्हा मला ते फार कडक वाटायचं. आता माझ्या सुनेला मी तेच सांगते, कारण कारण कळलंय.

वापरून झाल्यावर साबण नाही. तवा गरम असतानाच ओल्या फडक्याने पुसायचा, परत गॅसवर कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं. पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव.

आता पिठाचं. मोदकाची पारी दाबून पाकळ्या पाडायच्या असतात, ती फुटू नये म्हणून त्याला चिकट भात होणारा तांदूळ घेतात, आंबेमोहर, इंद्रायणी. घावनाला नेमकं उलटं हवं. ज्याचा भात मोकळा होतो असा जुना तांदूळ. आमच्याकडे सुरय तांदूळ घेतात, म्हणजे उकडा नव्हे तो. एक वर्ष जुना असेल तर उत्तम. दोनदा धुवायचा, पाणी निथळून पंचावर सावलीत वाळवायचा, आणि गिरणीत "तांदळावर दळा" असं निक्षून सांगायचं. आधी गहू किंवा डाळ दळलेली असेल तर तुझ्या पिठात ती येते. पीठ बोटांना किंचित रवाळ लागलं तर चांगलं. एकदम टाल्कमसारखं नको.

दाणापाणी (नाशिक)

वैलावरची काकूंनी सगळं सांगितलंय. मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो, तर त्यामागचं कारण थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी चूक कुठून आली ते तुमचं तुम्हाला शोधता येईल.

गव्हात ग्लुटेन असतं, ते पिठाला धरून ठेवतं. तांदळात ते नसतं. घावन उभा राहतो तो फक्त स्टार्चवर. कच्चा स्टार्च पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि मग तळाशी बसतो, म्हणून दर वेळी ढवळावं लागतं. साधारण ७० अंशांच्या आसपास त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना धरतात. जाळी पडायची ती या फुगण्याच्या आधीच्या काही क्षणांत. तवा खूप तापलेला असेल आणि पीठ पातळ असेल तर तळचं पाणी झटक्यात वाफ होतं आणि वरच्या अजून ओल्या थराला भोकं पाडून बाहेर येतं. लगेच स्टार्च आवळतो आणि ती भोकं तशीच राहतात. पीठ घट्ट असेल तर वाफेला वाट मिळत नाही. तवा कमी तापलेला असेल तर वाफ सावकाश येते, तोवर पीठ आवळून जातं. वरून गुळगुळीत, आतून रबर. तुम्ही लिहिलंय नेमकं तेच.

तांदळाच्या जातीचंही तसंच. मोकळ्या भाताच्या तांदळात अमायलोज (स्टार्चचाच एक प्रकार) जास्त, चिकट भाताच्या तांदळात कमी. कमी अमायलोजचं पीठ शिजलं की चिकट आणि चिवट होतं.

तवा तापला का ते बघायला पाण्याचे चार थेंब टाका. थेंब जागीच चुरचुरून आटले तर थांबा. मोत्यासारखे गोल होऊन पळायला लागले की आच मध्यमच्या थोडी वर आणा, तेल पुसा आणि पीठ ओता. फार जास्त तापला तर पीठ ओतता ओतताच उडतं आणि मध्ये मोठी भगदाडं पडतात, तेही चालत नाही.

बिलिग (रेन, फ्रान्स)

वाचता वाचता राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी फ्रान्समध्ये ब्रिटनी भागात राहते. इथं गालेत म्हणून कुट्टूच्या पिठाचे पातळ घावनच असतात. त्यातही ग्लुटेन नाही, तेही कडकडीत तव्यावर, तेही जाळीदार. ते ज्या गोल, सपाट बिडाच्या तव्यावर करतात त्याला बिलिग म्हणतात आणि माझी शेजारीण आजी त्या तव्याला साबण लावू देत नाही. काकूंनी सांगितलेली पातळ तेल, धूर, निववणं ही सगळी रीत तिने मला फ्रेंचमध्ये शिकवली. तेव्हा मला माझ्या कुडाळच्या मावशीचाच आवाज ऐकू येत होता.

परदेशात वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आशियाई दुकानात तांदळाचं पीठ घेताना पाकिटावर ग्लुटिनस लिहिलेलं असेल तर घेऊ नका, ते चिकट तांदळाचं असतं आणि घावन होणार नाहीत. इंडक्शनवर बिडाचा तवा एकदम मोठ्या आकड्यावर लावू नका, मधोमध तापतो आणि कडा गार राहतात. मधल्या आकड्यावर आठ-दहा मिनिटं द्या.

सुरंगी (चिपळूण)

पुठ्ठा होतो म्हणालात त्याबद्दल राहिलं. गरम घावन एकावर एक रचले की चिकटून गोळा होतो आणि उघडे ठेवले की वाळतात. आधी एकेक चाळणीवर किंवा रोवळीवर पालथा टाकायचा, मिनिटभरात वाफ गेली की चौघडी घालून फडक्यात, आणि ते फडकं डब्यात. तरी अर्ध्या तासापलीकडे तांदूळ कडक होतोच, गार भातासारखा. तुमच्या बायकोचे घावन करून ठेवूच नका. पीठ झाकून ठेवा, त्या हातपाय धूत असतील तेव्हा तवा तापवा. पिठाला तासभर काही होत नाही, उलट बरंच भिजतं.

माणदेशी (आटपाडी)

आमच्या दुष्काळी भागात तांदळाचं कौतुक सणालाच. मुलांसाठी आमची गुळाची धिरडी करून बघा, तव्याची परीक्षा बघत नाहीत. एक वाटी कणीक, अर्धी वाटी गूळ एक वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घेतलेला, चमचाभर रवा, वेलची, मिठाची कणी. पाव तास भिजू द्या. तुपावर, मंद आचेवर. गूळ असल्यानं मोठ्या आचेवर करपतात. दहा वाजता भूक लागायची नाही.

पडवीतला (ठाणे)

दहा दिवसांनी येतोय. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आणि काय केलं ते तपशिलात लिहितो, कारण माझ्यासारखा कोणीतरी पुढे हे शोधत येईल.

सोमवारी गंज काढला. सोमवार ते शनिवार रोज रात्री जेवणं झाली की तेल, पुसणं, धूर. पहिल्या रात्री मी तेल जास्त ठेवलं होतं, सकाळी बोट लावलं तर चिकट लागलं. काकूंनी लिहिलं होतं तसंच. ते गरम तव्यावर मीठ चोळून काढलं आणि दुसऱ्या रात्री इतकं पुसलं की तवा कोरडाच वाटावा. बुधवारपर्यंत मध्यभागी चॉकलेटी रंग आला, कडा मागेच होत्या. शुक्रवारी सगळा एकसारखा काळा दिसायला लागला, पूर्वीसारखा चमकणारा नाही, पण काळा. शनिवारी कांदा जाळला. पोळ्यांसाठी साधा लोखंडी तवा आणला.

तांदूळ वाण्याकडून जुना, मोकळ्या भाताचा मागून घेतला. दोन किलो धुऊन गच्चीवर नेला तर पाऊस, मग हॉलमध्ये पंख्याखाली आईच्या जुन्या लुगड्यावर पसरला. दीड दिवस लागला. गिरणीवाल्याला "तांदळावर दळा" म्हटल्यावर तो म्हणाला, "मग दुपारी चारला या, तेव्हा तांदळाचंच चालू असतं." चारला गेलो.

रविवारी सात वाजता उठलो. दोन वाट्या पीठ, सव्वाचार वाट्या पाणी, एक चमचा मीठ. पहिले तीन धरले, पण आधीसारखे नाही, कडा पूर्ण सुटल्या, मधे रुपयाएवढी जागा धरली. चौथा घालायच्या आधी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला आणि तव्यावर फिरवला. पाणी शिंपडलं, थेंब पळाले. वाटीने कडेपासून आत आलो. आणि तो आवाज आला. चर्र असा एकच लांब, आणि त्याच्या मागे बारीक बारीक फुटल्यासारखा. पीठ पडता पडता भोकं पडत होती, डोळ्यांसमोर. लगेच आईला फोन लावला आणि काही न बोलता फोन तव्याजवळ धरला. तिने दोन क्षण ऐकलं आणि म्हणाली, "झाकण ठेय. आता बोलत रवा नको." मग थोड्या वेळाने, मी विचारायच्या आतच, "काढ आता." काढलं. कडा वर आल्या होत्या. उलथनं नुसतं खाली घातलं आणि अख्खा घावन वर आला, पांढरा, पातळ, उजेडासमोर धरला तर पलीकडचं दिसत होतं.

मुलांना नारळाच्या रसात गूळ विरघळवून दिला, वेलची घालून. रस उकळू दिला नाही, उकळला की फाटतो हे मला माहीत होतं. धाकट्याने घावन रसात बुडवून पाच खाल्ले. थोरलीने ओल्या खोबऱ्याची चटणी मागितली. बायको पावणेनऊला आली. सुरंगीताईंनी सांगितलं तसं तिच्यासाठी पीठ राखलं होतं, ती आंघोळीहून येईपर्यंत तवा तयार होता. तिने उभ्या उभ्या ओट्याशीच पहिला खाल्ला. मग बसली, आणखी चार खाल्ले, आणि झोपायला गेली ती दुपारी दोनलाच उठली.

एकूण सतरा झाले. शेवटचा मी खाल्ला.

आता दोन प्रश्न. कोणीतरी म्हणालं की पिठात अर्धी वाटी पोहे नि उडीद घालून आंबवलं तर आणखी जाळी पडते. घालू का? आणि थोरलीला आईने सांगितलेले काकडीचे गोड घावन हवे आहेत, बाजारात मोठ्या काकड्या यायला लागल्यात. ते याच तव्यावर होतील का?

वैलावरची (सावंतवाडी)

बरं वाटलं रे. आईला आवाज ऐकवलास, ते फार चांगलं केलंस.

उडीद घालून आंबवलेली ती आंबोळी. घावन नव्हे. आंबोळी जाड, मऊ, आंबूस. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद आणि चमचाभर मेथी, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ हवी. तीही कर, तिचा मान वेगळा. पण रविवारी सकाळी सुचलं आणि केलं, असं फक्त घावनाचं होतं. गौरीला नैवेद्याला घावन-घाटलं करतो ते याच साध्या घावनांचं. नारळाच्या रसात तांदळाचं पीठ आणि गूळ शिजवून घाटलं करायचं, जायफळ किसून घालायचं. तुझ्या घरी गौर येत असेल तर यंदा मुलांकडून घाटलं ढवळून घे.

काकडीचे होतील. तवसं, म्हणजे ती मोठी काकडी, किसून घे, पिळू नको, त्याच्याच पाण्यात भिजवायचं असतं. दोन वाट्या किसाला पाऊण वाटी गूळ, तो विरेस्तोवर बाजूला ठेव, मग तांदळाचं पीठ मावेल तेवढं, साधारण दीड वाटी, मिठाची कणी, हळदीची चिमूट. हे पीठ ओतायचं नाही, हाताने थापल्यासारखं पसरायचं, केळीचं पान असेल तर पानावर पसरून पान तव्यावर पालथं घाल आणि मग अलगद सोडव. मंद आच, झाकण, तूप कडेने. जाळी पडणार नाही, त्यांना ती नसतेच.

फक्त आधी साधे घावन करून घे आणि काकडीचे शेवटी. गूळ तव्याला लागतो, आणि तुझा थर अजून आठ दिवसांचाच आहे.